करडाच्या तोंडात आधी बोट घालून बघणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

हे पत्र तुमच्या हातातच देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तिळ्यांतलं सगळ्यांत लहान करडू मान टाकून पडलेलं असतं आणि आजूबाजूचे म्हणत असतात, "जाऊ दे, ते काही जगायचं नाही." अशा वेळी तुमच्यासारखं माणूस प्रत्येकाच्या हाकेच्या अंतरावर नसतं. तुम्ही काय केलंत, कसं केलंत, ते अशा कुणापर्यंत तरी पोचावं असं मला फार वाटतं.

शेळी रात्री व्याली होती. सकाळी दोन पिल्लं आईला लुचत होती आणि ही तिसरी कोपऱ्यात पाठीला कुबड काढून, पोट खपाटीला गेलेली. तुम्ही आलात, ओटीत घेतलंत आणि आधी तिच्या तोंडात बोट घातलंत. "तोंड गार आहे, बोट चोखत नाही. दूध ठेवा बाजूला."

उपाशी जीव दिसला की कुणाचाही हात आधी दुधाच्या बाटलीकडे जातो. पण गारठलेल्या करडाचं पोट काम करत नाही, दूध तसंच पडून राहतं. आणि गिळण्याची ताकद नसली की ते फुप्फुसात उतरतं. निरोगी करडाचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सियस असतं. 37च्या खाली असेल तर दूध पाजायचं नाही, हे तुम्ही मला थर्मामीटर हातात देऊन शिकवलंत. त्यातही एक बारकावा होता, तो मला आजवर कुणी सांगितला नव्हता. जन्मतः पिल्लाच्या अंगात थोडी चरबी असते, ती जाळून ते पहिले पाचएक तास तग धरतं. त्यानंतर रक्तातली साखर उतरलेली असते. अशा पिल्लाला नुसती ऊब दिली तर ते झटके येऊन जाऊ शकतं. म्हणून तुम्ही आधी डॉक्टरांना फोन लावलात, त्यांनी येऊन पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं आणि मगच आपण तिला ऊब दिली. ते इंजेक्शन डॉक्टरांचंच काम, आपण सुई हातात धरायची नाही, हेही तुम्ही बजावलंत.

गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवल्या, तिला कोरडं पुसून त्यांच्या मधे निजवलं. टोपली घरात आणायला निघाले तर तुम्ही अडवलंत. गोठ्यातच, आईच्या नाकासमोर ठेवायला लावलीत. शेळी आपलं पिल्लू वासावरून ओळखते. पहिल्या दिवसांत ते नजरेआड झालं की नंतर ढुशी मारून दूर लोटते. त्या वेळी मला हे फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. पुढे ती आपल्या आपण आईखाली जाऊन उभी राहायला लागली आणि आईने तिला चाटून घेतलं, तेव्हा त्या एका गोष्टीने माझं किती काम वाचलं ते कळलं.

आणि मग, करडू उबेत असताना, तुम्ही शेळीपाशी बसलात. दोन्ही सड पिळून पाहिलेत. एका सडाच्या तोंडाशी घट्ट बूच बसलं होतं, धारच येत नव्हती. म्हणजे तीन पिल्लं आणि चालू सड एकच! दोन दांडग्या भावंडांनी तो धरून ठेवला होता. "ही जन्मतः अशक्त असेल नसेल, पण उपाशी नक्की आहे," तुम्ही म्हणालात. बूच निघालं, चिकाची जाड पिवळी धार आली. मावशी, तुमचं हे वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बाकी सगळे तिच्या नशिबाबद्दल बोलत होते, तुम्ही कारण शोधत होतात. तिचं तोंड उघडून टाळू फाटलेली नाही ना पाहिलंत, नाळेपाशी सूज नाही ना, गुडघे गरम नाहीत ना, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच जागेवर जाते का, सगळं एकेक करून तपासलंत.

तापमान वर आलं, ती बोट चोखायला लागली आणि मग चीक पाजला. शेळीच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती सगळी चिकातून मिळतात. आणि आतडं ती फक्त पहिल्या दिवसापुरती शोषून घेतं, तेही तासागणिक कमी कमी. म्हणून 24 तासांत वजनाच्या किमान दहा टक्के चीक पोटात गेलाच पाहिजे. ती भरली होती 1 किलो 400 ग्रॅम, म्हणजे निदान 140 मिली. आपण थोडा थोडा करून त्याहून जास्तच पाजला.

बाटली धरायची कशी, यावर तुम्ही जितका वेळ दिलात तितका कशावरच दिला नसेल. करडू उभं, मान वर ताणलेली, जसं ते आईखाली उभं राहतं तसं. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ तयार होते आणि दूध कोठीपोटाला, म्हणजे शेळीच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्याला, वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जातं. उताणं धरून घशात ओतलं तर ते भलत्या कप्प्यात जाऊन आंबतं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. दूध तिच्या अंगाइतकं कोमट. दिवसभरात वजनाच्या पंधरा ते वीस टक्के, चार-पाच वेळा विभागून. ती ओरडली की मला आणखी द्यावंसं वाटायचं आणि तुम्ही दर वेळी नाही म्हणालात. एकदम जास्त दूध गेलं की हगवण लागते आणि अशक्त पिल्लाला तीच संपवते. तुमचा तो कठोरपणा मला आता माया वाटतो.

तुमचा टांगता वजनकाटा तुम्ही माझ्याकडे ठेवून गेलात. रोज एकाच वेळी, दूध पाजण्याआधी, झोळीत घालून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. दुसरा धोका त्या वहीनेच दाखवला. ती उड्या मारायला लागली होती, पाला चघळत होती, सगळं ठीक दिसत होतं. पण वजन थांबलं. तीन आठवडे उलटून गेले होते. मग शेपटीखालचे केस ओले दिसू लागले, लेंड्यांचा आकार जाऊन पातळ झालं. सगळे म्हणाले जंत झाले, जंताचं औषध द्या. तुम्ही तिची खालची पापणी ओढून पाहिलीत. ती चांगली गुलाबी होती, रक्त पिणाऱ्या जंतांनी फिकी पडते तशी नव्हती. "हे वय कॉक्सिडियाचं. शेण तपासून आणा."

तपासणीत तेच निघालं. कॉक्सिडिया हे जंत नव्हेतच, ते एकपेशीय जीव. नेहमीचं जंतनाशक त्यांच्यावर चालत नाही, आणि तेवढ्यात गेलेल्या दिवसांत आतड्याचं अस्तर खरवडलं जातं. डॉक्टरांनी योग्य औषध दिलं, तिघांनाही दिलं, कारण धडधाकट दिसणारी भावंडंही लेंड्यांतून तेच पसरवत असतात. मिठासाखरेचं पाणी दुधात न मिसळता, दोन वेळच्या दुधाच्या मधे पाजायचं, हे तुमचं. ओली गादी काढून टाकणं आणि चाऱ्याची गव्हाण इतकी उंच बांधणं की पिल्लांना तिच्यात पाय घालून उभं राहता येऊ नये, हेही तुमचंच.

एक गोष्ट इथे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते, कारण तुम्ही ती स्पष्ट सांगितली होतीत. सगळं नीट करूनही काही करडं दगावतात, नाहीतर त्यांची वाढ अडून राहते. पोटात असताना वाढ खुंटलेली असते, आतून काही अपुरं असतं, ते बाहेरून दिसत नाही. हे तुम्ही पहिल्याच दिवशी बोललात आणि तरीही तिला पुसत राहिलात. खोटी आशा न दाखवता कुणासाठी इतकं झटता येतं, हे मी तुमच्यातच पाहिलं.

ती भावंडांपेक्षा लहानच आहे. आतड्याला झालेली इजा भरायला वेळ लागतो, काही अंशी ती कायमही राहते, तेव्हा मी तिची त्यांच्याशी तुलना करत नाही. तिचीच कालची आणि आजची नोंद पाहते. ती रोज थोडी पुढे सरकते आहे. रवंथ करते, स्वतः पाणी पिते, बाटली सुटली. बोकडाकडे न्यायचं ते वय पाहून नाही, मोठ्या शेळीच्या वजनाच्या निदान साठ-सत्तर टक्के भरल्यावरच, हे तुमचं सांगणं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

तिची आई पुन्हा गाभण राहिली की व्यायच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची (आतड्यात जिवाणूंचं विष भिनून होणाऱ्या आजाराची) लस टोचून घेईन, म्हणजे चिकातून पिल्लांना संरक्षण मिळेल. आणि व्याल्याबरोबर आधी दोन्ही सड पिळून बघेन. तेव्हा तुम्ही गोठ्यात असावं अशी फार इच्छा आहे, मावशी. दिवस भरत आले की निरोप पाठवते.

तुमची,
तिळ्यांच्या गोठ्यातली