महालक्ष्मीचे उद्यान कुणासाठी? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : महालक्ष्मी रेसकोर्स व सागरी किनारा मार्गालगतच्या नियोजित उद्यानाच्या अटी जाहीर करण्याबाबत

सन्माननीय महोदय,

महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जमीन आणि सागरी किनारा मार्गासाठी (कोस्टल रोडसाठी) समुद्रात घातलेल्या भरावावरची सुमारे १७५ एकर जागा एकत्र करून मुंबईसाठी विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान उभारण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. या उद्यानात कोणती झाडे लावावीत किंवा कारंजी कुठे असावीत, यासाठी हे पत्र नाही. ही जागा कोणत्या अटींवर लोकांची होणार आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी आणि जाहीरपणे सांगितले जावे, एवढीच माझी मागणी आहे. या शहरातील मैदानांचा इतिहास पाहिल्यावर ही मागणी करण्यावाचून मला राहवले नाही.

दक्षिण मुंबईतली आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने मुळात लोकांच्या करमणुकीसाठी राखलेली नव्हती. मुंबईच्या किल्ल्यावरून तोफा डागताना समोर आडोसा नसावा म्हणून ब्रिटिशांनी तटबंदीबाहेरचा एस्प्लनेड नावाचा पट्टा मोकळा ठेवला होता, आणि १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तटबंदी पाडली गेल्यावर त्यातला काही भाग इमारतींखाली जाऊन उरलेला मैदान म्हणून राहिला. तिथे पारशी आणि हिंदू तरुण क्रिकेट खेळू लागले. युरोपियनांच्या जिमखान्याला स्वतःचे राखीव मैदान असतानाही त्यांचे पोलो मात्र याच तरुणांच्या जागेवर चाले आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडत. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेकडो खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे दाद मागितली, आणि शापूरजी सोराबजी यांनी या झगड्याची हकिगत १८९७ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. मैदान सर्वांना दिसत होते, सर्वजण त्यावर पाय ठेवू शकत होते, पण ते कुणाच्या वापरासाठी आहे हे कुठेही लिहिलेले नसल्यामुळे ज्याची सत्तेपर्यंत पोच त्याचाच खेळ चालत राहिला.

याच्या उलट अनुभव भायखळ्याचा आहे. १८६२ मध्ये सुरू झालेली राणीची बाग प्रथम एका कृषी-उद्यान संस्थेकडे होती आणि १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. गिरणगावातील कुटुंबांच्या पिढ्यांना सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन जाण्याचे हक्काचे ठिकाण ती झाली, कारण ती चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि तिचा ताबा पालिकेकडे होता. दादरचे शिवाजी पार्क पालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले, आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाच्या कडेला काही संस्था आहेत हे खरे, तरीही भोवतीचा कट्टा हीच त्याची मुख्य सीमा राहिली, म्हणून तिथे क्रिकेटच्या शिबिरातला मुलगा आणि नुसता बसायला आलेला म्हातारा या दोघांचाही हक्क सारखाच आहे.

इंग्लंडमध्ये १८३३ च्या संसदीय समितीने कामकरी वस्त्यांना फिरायला मोकळी जागाच उरली नसल्याचे नोंदवले, आणि पुढच्या काही वर्षांत लंडनच्या पूर्व भागात व्हिक्टोरिया पार्क उभे राहिले. लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडने १८४७ मध्ये सार्वजनिक पैशातून उद्यान केले आणि त्याचा खर्च भोवतालचे निवासी भूखंड विकून भरून काढण्याची व्यवस्था केली. उद्यानामुळे वाढलेली किंमत उद्यानाबाहेर वसूल करावी आणि आतली जमीन अबाधित ठेवावी, हा त्यातला धडा महालक्ष्मीसाठी अगदी लागू आहे, कारण तिथल्या भोवतालच्या उंच इमारतींचे दर या उद्यानामुळे वाढणारच आहेत. न्यूयॉर्कच्या ८४३ एकरांच्या सेंट्रल पार्कचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. त्यासाठी १८५७ मध्ये सेनेका व्हिलेज ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती हटवली गेली होती, हेही त्यासोबत सांगायला हवे.

आता आपल्याच शासनाच्या नियमांकडे येतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी देण्याची तरतूद केली होती. २००१ मध्ये त्या नियमाची शब्दरचना बदलली आणि वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. १९८२ च्या गिरणी संपात ज्यांचे सर्वस्व गेले त्या लोकांच्या परळ-लालबागला जी मैदाने मिळू शकली असती, ती या एका दुरुस्तीने गेली. मला याची आजही तीव्र वेदना होते. याचप्रमाणे देखभालीच्या नावाखाली मैदाने खासगी संस्थांकडे सोपवण्याच्या जुन्या धोरणात भूखंडाच्या काही भागावर बांधकामाची मुभा होती, तिथे क्लब उभे राहिले आणि सदस्य नसलेल्या शेजाऱ्याला आपल्याच आरक्षित मैदानात प्रवेश मिळेनासा झाला.

म्हणून महोदय, काही गोष्टी स्पष्ट करण्याची विनंती आहे. किनारा मार्गाच्या भरावावर निवासी किंवा व्यापारी बांधकाम करता येणार नाही, अशी अट आहे. तीच अट रेसकोर्सच्या १२० एकरांना लागू करून अधिसूचनेत नोंदवावी, म्हणजे उद्या एखाद्या शब्दाच्या फेरफाराने ती निसटणार नाही. जमिनीखाली क्रीडा संकुल किंवा वाहनतळ करण्याच्या कल्पना मांडल्या गेल्या आहेत. काँक्रीटच्या छतावर घातलेल्या मातीत वड, पिंपळ, शिरीष यांसारखी मोठी झाडे मूळ धरू शकत नाहीत आणि पावसाचे पाणी खाली मुरत नाही, म्हणून उद्यानाखालची जमीन जमीनच राहू द्यावी. देखभाल पालिकेच्या उद्यान विभागाकडे ठेवावी, प्रवेशाला तिकीट नसावे आणि सदस्यत्वावर चालणारी कोणतीही सोय आत नसावी.

शेवटची विनंती दरवाजांची आहे. हे उद्यान फक्त समुद्राकडून आणि मोटारीने गाठता येईल असे बांधले गेले, तर ते वरळी-पेडर रोडच्या रहिवाशांचे होईल. महालक्ष्मी स्थानकाकडून, सात रस्त्याकडून आणि वरळीच्या बीडीडी चाळींच्या बाजूने पायी येणाऱ्यांसाठी सुरक्षित वाट आणि प्रवेशद्वार आराखड्यात आजच दाखवावे, आणि हा आराखडा या जागेच्या करारातील सर्व अटींसह मराठीतून प्रसिद्ध करून, निविदा काढण्यापूर्वी त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात.

आपला नम्र,
दादर येथील एक नागरिक