बी४ खेळणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. त्या रविवारी फोटो काढायला मी मोबाईल उचलला, तेव्हा "नाव-बिव कुठं टाकू नको बे" असं तुम्हीच बजावलं होतं. आभार मानू नको असं मात्र म्हणाला नव्हतात, म्हणून हे पत्र.

बुद्धिबळाच्या त्या स्पर्धेतली दुसरी फेरी, बावीस नंबरचा बोर्ड. माझ्याकडे काळी मोहरी. घड्याळ सुरू झालं आणि तुम्ही वजिराच्या बाजूचं बी प्यादं दोन घरं पुढं ढकललंत, म्हणजे बी४. (पटाचे उभे रकाने ए ते एच, आणि पांढऱ्याकडून मोजलेल्या ओळी १ ते ८; बी४ म्हणजे बी रकान्यातलं चौथं घर.) सगळं जग राजापुढचं नाहीतर वजिरापुढचं प्यादं हलवतं, आणि समोरचा गृहस्थ बाजूच्या प्याद्याला हात लावतो! मला वाटलं, एकतर यांना खेळता येत नाही, नाहीतर आपली चेष्टा चाललीय. दोन्ही समजुती सात चालींत फिटल्या.

तो डाव मला अजून पाठ आहे. बी४ ला मी ई५. तुमचा उंट बी२ वर आला आणि माझ्या ई५ च्या प्याद्याकडे बघायला लागला. ते वाचवायला मी एफ६. तुम्ही ई४ खेळलात, बी४ चं प्यादं तसंच उघड्यावर टाकून. मी उंटानं ते खाल्लं आणि मनात म्हटलं, फुकटचं प्यादं. तुमचा दुसरा उंट सी४ वर. मी घोडा ई७ ला काढला, तर वजीर एच५ वर येऊन शह. तोच घोडा जी६ ला मध्ये घातला. मग तुमचं एफ४, आणि मी ई५ सांभाळायला दुसरा घोडा सी६ ला आणला. तुम्ही एफ५ खेळून घड्याळ दाबलंत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. जी६ चा घोडा हलला की राजाला शह, नाही हलला की प्याद्याच्या तोंडी. एच प्याद्यानं परत मारावं, तर कोपऱ्यातला हत्ती तुमच्या वजिराला मोकळा. आणखी काही चाली ओढल्या आणि हात मिळवला.

शेवटची फेरी संपल्यावर मी सात रस्त्याकडे जाणारी रिक्षा बघत फाटकापाशी उभा होतो. खरं सांगायचं तर तोंड चुकवत होतो. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, तोही सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असा. "कुठं पळूलालास बे? डाव बघायचा नाही का?" तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढल्यामुळं हळू बोलायची सवय मोडली, हे नंतर तुम्हीच सांगितलंत.

मग शाळेच्या पायऱ्यांवर पट मांडला. तुम्ही, मी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आणि ती बारावीतली मुलगी. मध्ये कागदावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. (पटावर चटणीचे ठसे उमटले, ते काकांना आवडलं नव्हतं.)

मी सरळ एफ५ वर बोट ठेवलं. इथं हरलो म्हणून. तुम्ही मोहरी परत मागं न्यायला लागलात. "धागा तुटलेला दिसतो एका ठिकाणी, गाठ सुटलेली असते वर कुठंतरी." आधी सहाव्या चालीवर थांबलात. ई५ च्या प्याद्यानं एफ४ मारलं असतं, तर एफ५ ची धमकीच उरली नसती. मला तेवढ्यावर समाधान झालं, कारण उत्तर सापडलं होतं. तुम्ही अजून मागं गेलात, थेट दुसऱ्या चालीपर्यंत, आणि माझं एफ६ चं प्यादं उचलून हातात धरलंत.

"ही घोड्याची जागा आहे. प्याद्यानं बळकावली. आणि एफ७ रिकामं केलंस, त्यामुळं सी४ चा उंट जी८ पर्यंत बघूलालाय. आता कॅसलिंग कसं करणार?"

कॅसलिंग म्हणजे राजाला हत्तीच्या आड कोपऱ्याकडे नेणं, आणि जिथं शह बसेल त्या घरात राजा नेता येत नाही. एका चालीत मी घोड्याचं घर घालवलं होतं आणि राजाचंही. ज्या प्याद्यासाठी हे केलं, ते वाचवायची गरजच नव्हती! तुम्ही माझा काळा उंट उचलून बी४ चं प्यादं खाल्लंत. मग पांढऱ्या उंटानं ई५ खाल्लं आणि काळा घोडा एफ६ वर ऐटीत बाहेर आला. पुढच्या चालीला कॅसलिंग. मधलं प्यादं देऊन बाजूचं घेतलं, म्हणजे केंद्रात तुमचं एक प्यादं जास्त राहतं, हे खरं. पण माझी मोहरी आधी बाहेर येतात. त्या मुलीनं मोबाईलवर चाली तपासणारं इंजिन लावलं, तर त्यालाही फारसा फरक दिसत नव्हता. तुम्ही तिला मोबाईल खिशात ठेवायला लावलात, तेव्हा ती जरा फुगली. मला तिचीही बाजू पटली होती. इंजिननं दहा सेकंदांत सांगितलं असतं. पण दहा सेकंदांत सांगितलेलं मी दहा मिनिटांत विसरलो असतो.

ज्यांना मारामारी नको त्यांच्यासाठी दुसरी वाटही दाखवलीत. बी४ ला डी५, मग उंट एफ५ आणि मागून ई६, की काळ्या उंटाची नजर आपोआप बी४ वर. याची मी वहीत नोंद केली आहे.

काकांनी मध्येच या ओपनिंगची, म्हणजे डावाच्या या सुरुवातीची, जन्मकथा काढली. न्यूयॉर्क, १९२४. लास्करनं जिंकलेली, कापाब्लांका दुसरा आलेली ती गाजलेली स्पर्धा. त्यात खेळणारा तार्ताकोवर ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात गेला, तिथल्या सुझन नावाच्या ओरांगउटानशी त्यानं म्हणे सल्लामसलत केली आणि मारोत्सी या खेळाडूविरुद्ध बी४ खेळला. तेव्हापासून नाव पडलं ओरांगउटान. पुढं सोकोल्स्की नावाच्या सोव्हिएत खेळाडूनं १९६३ मध्ये या एका चालीवर अख्खं पुस्तक लिहिलं. तुम्ही हसून म्हणालात, "म्हणजे मी माकडाचा चेला." काकांनी ओरांगउटान माकड नव्हे, वानर, अशी दुरुस्ती केली आणि त्यावर पाच मिनिटं वाद झाला.

अण्णा, मला आभार मानायचे आहेत ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. हरलेल्याला चुका दाखवणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यात थोडी मजाही घेतात. तुम्ही तुमच्याच हत्याराची धार कुठं बोथट आहे ते दाखवलंत. एवढ्याशा गावात, तीच चाळीस-पन्नास माणसं पुन्हा पुन्हा समोर येणार, हे ठाऊक असताना. मी विचारलंही, "आता मी तुमच्यावरच हे चालवलं तर?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "मग मला पण डाव खेळायला मिळंल की. सात चालींचा काय डाव असतो?"

आणि तसंच झालं. गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या स्पर्धेत पेअरिंगच्या कागदावर पुन्हा आपली नावं शेजारी. मला वाटलं, या वेळी तुम्ही दुसरं काहीतरी खेळाल. तुम्ही मिशीत हसलात आणि बी४. मी ई५. तुमचा उंट बी२ वर आला आणि मी एफ प्याद्याकडे ढुंकूनही न बघता उंटानं बी४ खाल्लं. तुम्ही मान डोलावलीत. पाचव्या चालीआधी माझं कॅसलिंग झालं होतं.

शेवटी हरलो, ते सोडा. सेहेचाळीस चाली टिकलो. शेवटी हत्ती आणि प्यादीच उरली, त्या एंडगेममध्ये केंद्रातलं ते तुमचं जादा प्यादं हळूहळू चालत आलं, ज्याबद्दल तुम्ही पायऱ्यांवर सांगितलं होतं आणि मी वहीत लिहिलं नव्हतं.

चाली लिहिलेली स्कोअरशीट जपून ठेवली आहे. येत्या रविवारी तो डाव बघायचा आहे, एकतिसाव्या चालीपासून. माझी गाठ तिथं सुटली असावी असा अंदाज आहे, पण तुम्ही आणखी मागं न्याल याची खात्री आहे. भाकरी मी आणतो. चटणी तुमच्या घरचीच हवी.

आपला,
बावीस नंबरच्या बोर्डवरचा काळा