परसबागेत फोरेट टाकू नका

मा. संपादक साहेब,
स. न.

आता पाऊस लागायच्या आधी खान्देशात घरोघरी परसात वांगी, मिरच्या, गिलके लावायची तयारी सुरू होईल आणि कुणी ना कुणी दाणेदार औषधाची पुडी आणून आळ्यात टाकेलच, दरवर्षी बघते म्हणून लिहितेय. चांगलं वाढलेलं रोप सुकतं, उपटलं तर मुळ्याच नाहीत, खाली पांढरी वाकडी हुमणी (मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी), जीव हळहळतो हे मान्य. पण ती पुडी फोरेटची असेल (आपल्याकडे सगळे थिमेट म्हणतात) तर त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, ते जहाल विष आहे आणि मुळातून झाडात वर चढतं, आणि त्याच वांग्याचं भरीत आपण लेकरांना वाढणार!

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, ते ऊन वापरा ना. वाफा खणून, ढेकळं फोडून, भरपूर पाणी देऊन वर पातळ प्लास्टिक ताणून अंथरा, काळं नाही, पारदर्शकच, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. सूत्रकृमी (मुळात शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत), रोगाच्या बुरशी, तणाचं बी वरच्या थरात बरंचसं मरतं. (वाल-चवळीच्या मुळावरच्या गाठी बोटाने सहज निघाल्या तर त्या झाडाला नत्र देणाऱ्या, चांगल्या असतात, मूळच फुगलेलं असेल तर सूत्रकृमी.)

हुमणी मात्र खोल जाते, तिला प्लास्टिक पुरत नाही. तिचा बंदोबस्त वरच करावा लागतो, वळवाचा चांगला पाऊस झाला की तिचे तपकिरी भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघून निंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला बसतात, तेव्हा फांद्या हलवून पाडायचे आणि साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, अंडी घालायच्या आधी. हे एका घराने करून भागत नाही, शेजारच्या निंबावरचा भुंगेरा आपल्याच वाफ्यात अंडी घालतो, अख्खी गल्ली लागली पाहिजे. आणि कच्चं शेणखत तर टाकूच नका, त्यातूनच अळ्या येतात, चांगलं कुजलेलंच घ्या, त्यात मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिसळलं तर अजून बरं.

साहेब, तुमचा पेपर गल्लीगल्लीत जातो. वळवाचा पहिला पाऊस पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार ओळींची चौकट टाका, आज संध्याकाळी भुंगेरे गोळा करा म्हणून.

आपली,
एक वाचक, भुसावळ