खाणीत मेलेल्या परदेशी मजुराचा ठावठिकाणा कोणाला विचारायचा?

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांस,
स.न.वि.वि.

६ जानेवारी २०२५ रोजी आसामच्या दिमा हसाओ जिल्ह्यात, उमरांगसोजवळच्या कोळशाच्या ‘रॅट होल’ खाणीत, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांच्या खाणीत, पाणी घुसलं आणि नऊ मजूर आत अडकले. दोन दिवसांनी पाणबुड्यांनी पहिला मृतदेह वर आणला, तो नेपाळहून आलेल्या मजुराचा होता. बाकीचे बहुतेक कोक्राझार, दरांग, सोनितपूर, जलपायगुडी इकडचे. शेवटचे पाच मृतदेह फेब्रुवारीत निघाले.

त्या नेपाळी मजुराचं आयुष्य कुठवर शोधता येतं, ते मी पाहत होते. नाव आणि गाव बातम्यांत आहे, पण तिथेच माग संपतो. त्याला कोणी आणलं, मजुरी कशी ठरली होती, उचल किती घेतली होती, घरी पैसे कोणाच्या हाती जायचे, हे हजेरीबुकच नसलेल्या खाणीत कोण सांगणार? १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे येऊन काम करायला व्हिसा लागत नाही. ही सवलत चांगलीच आहे आणि ती राहावी. पण त्यामुळे सीमेवरही त्याची नोंद होत नाही आणि खाणीवरही होत नाही. सरकारी कागदावर तो पहिल्यांदा येतो तो मेल्यावर, पंचनाम्यात.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढले. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाची हजेरी लागते, लॅम्प रूममधून नंबराचा दिवा मिळतो आणि पाळी सुटली की तो परत करावा लागतो. दिवा परत आला नाही की माणूस खाली आहे हे लगेच कळतं. आमच्याकडेही कंत्राटी मजुरांच्या नोंदीत गोंधळ असतो, नाही असं नाही. पण आत किती जण आहेत, हे तरी विचारत फिरावं लागत नाही. उमरांगसोत सुरुवातीला आकडाच नक्की नव्हता.

“ती खाण बेकायदा होती” हे उत्तर ठरलेलं असतं. मंत्रिमहोदय, हे उत्तर कायद्यात बसत नाही. त्या दुर्घटनेच्या वेळी लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यानुसार खनिज काढण्यासाठी जिथे खोदकाम होतं ती खाण, मग परवाना असो वा नसो. मालक बेकायदा असेल, तिथे मेलेला माणूस बेकायदा ठरत नाही. आणि कामावर असल्याचा, मजुरीचा पुरावा नसला तर त्याच्या बायकोने नुकसानभरपाई मागायची कशाच्या आधारावर?

मेघालयात हेच आधी घडून गेलं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये रॅट होल खाणकामावर बंदी घातली, तरी १३ डिसेंबर २०१८ ला क्सान इथे १५ मजूर पाण्याखाली अडकले. नौदलाला बोलावलं, महिनोन्महिने पंप चालले आणि मृतदेह निघाले फक्त दोघांचे.

बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीला ८ ऑगस्ट १९५६ रोजी आग लागून २६२ जण गेले. त्यांतले १३६ इटालियन होते, दोन सरकारांच्या करारातून कोळशासाठी तिकडे गेलेले. तेही गरीब, परके, स्वस्तातले मजूर. पण त्यांची नावं नोंदलेली होती. जे अनोळखी म्हणून पुरले गेले, त्यांच्या कबरी २०२१ मध्ये उघडून डीएनए तपासणी करण्यात आली. पासष्ट वर्षांनी! आपल्याकडे मोबाइल आणि आधारच्या काळात इतकंही जमू नये?

खाण सुरक्षा महासंचालनालय आपल्याच मंत्रालयाखाली आहे. माझी मागणी त्याच्यापुरतीच आहे. खाण अधिकृत असो वा नसो, तिथल्या प्रत्येक मृत्यूची नोंद महासंचालनालयाच्या दप्तरी व्हावी, आणि तीत मृताचं गाव, देश, वारस आणि त्याला आणणाऱ्या मुकादमाचं नाव असावं. मजूर परदेशी असेल तर नोंदीची प्रत त्याच्या देशाच्या दूतावासाकडे जावी. चौकशीचा अहवाल कुटुंबाला समजेल अशा भाषेत मिळावा. नेपाळच्या खेड्यातल्या बाईला इंग्रजी अहवाल पाठवून काय उपयोग?

सुरुवात उमरांगसोपासून करता येईल. ती नऊ नावं सरकारला ठाऊक आहेत. त्यांच्या नोंदी कधी पूर्ण होतील, याची तारीख आपण जाहीर करावी.

आपली,
कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेली एक नागरिक