मँडेव्हिल आणायचा तर पुरता आणा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत चैनीच्या वस्तूंवरचा कर कमी करा, चैन वाढली की व्यापार वाढतो, असं म्हणताना लेखकांनी बर्नार्ड मँडेव्हिलच्या मधमाश्यांचा दाखला दिला आहे. दाखला अर्धाच आहे.

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या या डच डॉक्टराने १७०५ साली एक कविता छापली. पोळ्यात लबाडी माजलेली, तरी सुबत्ता. एके दिवशी सगळ्या माश्या प्रामाणिक होतात आणि धंदेच बसतात. कर्जदार आपणहून पैसे आणून देतात, वकिलांची तोंडं बंद. तुरुंग रिकामे, म्हणून बेड्या आणि गज घडवणारे लोहारही चालते होतात. वाचायला झकास आहे. १७१४ साली ती टिपांसह पुस्तकात आली, तरी फारसं कोणी बोललं नाही.

बोभाटा झाला १७२३ मध्ये. त्या आवृत्तीत त्याने गरिबांच्या धर्मादाय शाळांवर निबंध घातला आणि मिडलसेक्स परगण्याच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा का ते ठरवणाऱ्या पंचांनी, पुस्तकाविरुद्ध तक्रार नोंदवली. निबंधात डॉक्टरसाहेब म्हणतात, शिकलं की माणसाच्या गरजा वाढतात. मजुराच्या पोराने पुस्तकात घालवलेला प्रत्येक तास समाजाचं नुकसान! म्हणजे श्रीमंताची हौस वाढली की व्यापार फोफावतो, आणि मजुराला चार गोष्टी हव्याशा वाटल्या की देश बुडतो. मी इचलकरंजीत रात्रशाळेत गणित शिकवत असे. दिवसभर मागावर उभी राहिलेली पोरं चक्रवाढ व्याजाचं उदाहरण उतरवता उतरवता पेंगायची, पण मजुरीच्या हिशेबातली कपात बरोबर पकडायची. त्यांच्या शेठजींना हे शिक्षण कधी रुचलं नाही. मँडेव्हिलचं आणि त्यांचं छान जमलं असतं.

उत्तरं पुष्कळांनी दिली. मला तत्त्वज्ञ फ्रान्सिस हचिसनचं आवडतं. त्याने ते वर्तमानपत्राला पत्रं लिहून दिलं, म्हणूनही असेल. १७२६ मध्ये डब्लिनच्या साप्ताहिकात त्याने रोकडा हिशेब मांडला. दारुडा लवकर मरतो. बेताने पिणारा पुष्कळ वर्षं जगतो, त्यामुळे जन्मभराची बेरीज केली तर त्याचा खपही काही कमी भरत नाही. शिवाय गुत्त्यात न गेलेला पैसा घरच्यांच्या खाण्यापिण्यावर, कपड्यालत्त्यावर खर्च होतोच. मग धंदा थांबतो कुठे?

लेखकांनी पुढच्या रविवारी मँडेव्हिल जरूर आणावा, पण शाळांवरच्या त्या निबंधासकट. करसवलत मागताना तो जरा अडचणीचा जाईल, याची मला कल्पना आहे.

– एक निवृत्त शिक्षक, इचलकरंजी