मेलेल्यांना पथ्य नसतं

मेक्सिको सिटी
4 नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

रिपोर्टचा फोटो पाहिला. एचबीएवनसी 8.6. आणि त्याखाली तुझा खुलासा, "पितृपक्षात तीन घरची जेवणं झाली, पितरांच्या पानाला नाही कसं म्हणणार?" लेका, हा आकडा रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पंधरवड्याच्या खिरीवर सगळं ढकलू नकोस.

रागावू नकोस. इथेही परवाच पितर जेवून गेले. जेवणं उरकल्यावर तुझीच आठवण झाली, म्हणून लिहायला बसलोय.

1 नोव्हेंबरला लहानपणी गेलेली मुलं येतात, 2 तारखेला मोठी माणसं. दीआ दे मुएर्तोस, म्हणजे मृतांचा दिवस, तो हाच. बैठकीत टेबल मांडून पायऱ्या करतात, कातरलेल्या रंगीत कागदांच्या पताका लावतात, फोटो, मेणबत्त्या, मीठ, आणि लांबून चालून आलेल्याला तहान लागते म्हणून पाण्याचा पेला. कोपाल नावाचा डिंक निखाऱ्यावर टाकला की आपल्या उदासारखा धूर होतो. आणि झेंडू! पोत्याने झेंडू. तो मूळचा इथलाच, आपल्या दसऱ्याला नंतर आला. इथे त्याला सेंपासुचिल म्हणतात, जुन्या नावाचा अर्थ 'वीस फूल'. दारापासून टेबलापर्यंत पाकळ्यांची वाट करतात, वास धरून माणूस घरी येतो म्हणे. ती वाट यंदा माझ्याकडे होती. दोन तास पाकळ्या ओरबाडल्या, नखं अजून पिवळी आहेत.

आमच्या घरमालकीणबाईंचे, म्हणजे सेन्योरांचे, यजमान सहा वर्षांपूर्वी मधुमेहाने गेले. आधी पायाचं बोट गेलं, मग किडन्या. इथे हे घरोघरी आहे. सरकारने 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, 2020 पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आले. तरी जेवणाबरोबर कोला हवाच. तर सेन्योरांनी टेबलावर यजमानांच्या फोटोपुढे त्यांची लाडकी सहाशे मिलीची बाटली ठेवली, आणि ती ठेवताना 'साखर जास्त' असं लिहिलेला काळा शिक्का मुद्दाम फोटोकडे वळवला. "वाचू दे आता निवांत," म्हणाल्या.

फोटोपुढे मात्र सगळं हवं. पान दे मुएर्तो, म्हणजे मृतांचा पाव, मोठा, वर हाडांसारख्या पट्ट्या, संत्र्याच्या सालीचा वास आणि साखरेचा थर. मोले म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, सिगारेट, सगळं. मेलेल्यांना पथ्य नसतं, पथ्य आपल्याला, हा त्यांचा कायदा. घरच्यांसाठी तोच पाव तळहाताएवढा, एकेकाला एकच. तामालेस म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, त्यांच्या पिठात डुकराची चरबी भरपूर फेटतात; त्या निम्मीच घालतात आणि भोपळ्याचा गर मिसळतात. (माझ्या वाटणीचे बिनचरबीचे, दगडासारखे. खाल्ले.) चॉकलेट दुधाऐवजी पाण्यात घुसळलेलं, साखर बेताची. कोलाऐवजी लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड पाणी, बिनसाखरेचं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला बरं लागतं.

आता मुख्य. इथे साखरेच्या कवट्या करतात, कपाळावर नाव घालून. सेन्योरांनी त्या बंद करून राजगिऱ्याच्या सुरू केल्या. हो, आपला उपासाचा राजगिरा! तोही याच मातीतला. आस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना ती आपल्या प्रसादाची विटंबना वाटली आणि त्यांनी तो विधी मोडून काढला. पण राजगिऱ्याच्या वड्या टिकल्या. त्यांना 'आलेग्रीया' म्हणतात, म्हणजे आनंद. शोचिमिल्कोकडच्या तुल्येउआल्को गावात त्या घरोघरी करतात. आमच्या स्वयंपाकघरात तापल्या तव्यावर चिमूट चिमूट दाणे टाकले, फडक्याच्या बोळ्याने फिरवले, तडतडून लाह्या झाल्या. थोड्या मधात कालवून साच्यात दाबल्या, डोळ्यांना मनुका, दातांना शेंगदाणे. मध म्हणजे काही औषध नव्हे, ही पण साखरच, एवढं मी नातवंडांसमोर बोललो. सेन्योरांनी मला गप्प बसवलं आणि कवट्या लिंबाएवढ्या केल्या.

अण्णांचा फोटो गेली चार वर्षं त्याच टेबलावर असतो. ते गेले तेव्हा मी पोचलो नव्हतो, दहावं-तेरावं फोनच्या पडद्यावर पाहिलं, तुला माहीत आहे. दोन तारखेला रात्री आम्ही मिस्किकच्या दफनभूमीत गेलो. सेन्योरांच्या यजमानांचं थडगं घासूनपुसून धुतलं, झेंडू वाहिला, मेणबत्त्या लावून कडेला बसलो. सगळीकडे तेच, आणि पर्यटकांची गर्दीही नको तितकी. सेन्योरा नातवंडांना आजोबांचं सांगायला लागल्या : औषधाच्या गोळ्या कुंडीत पुरायचे, बोट कापल्यावरही पावाच्या दुकानात लंगडत जायचे. मुलं खिदळत होती. मधेच त्या रडल्या, नाक पुसलं आणि पुढचा किस्सा सुरू केला.

मग मला म्हणाल्या, तुझ्या वडिलांचं सांग. आपल्याकडे गेलेला माणूस लगेच देवमाणूस होतो, माझी जीभ वळेना. शेवटी सांगून टाकलं, अण्णा कोटाच्या आतल्या खिशात कंदी पेढे लपवायचे आणि आई कोट धुवायला घ्यायची तेव्हा सापडायचे. मोडक्या स्पॅनिशमध्ये 'पेढा' समजावताना हसू फुटलं, आणि मग बराच वेळ नुसताच बसून राहिलो. चार वर्षांत पहिल्यांदा, बाळ्या.

काल टेबल आवरलं. मृतांनी वास घेतला की अन्नाची चव जाते असं इथे मानतात. नातवाने मोठ्या पावाकडे हात नेला तर सेन्योरा म्हणाल्या, "चवच गेलीय, खायचं कशाला?" कोला बेसिनमध्ये ओतला.

तर पुढच्या सर्वपित्रीला तुझ्या पानात राजगिऱ्याचा एकच लाडू वाढायला वहिनींना सांगणार आहे. कावळ्याच्या पानावर मात्र जिलबी ठेव, तुझ्या काकांना लागायची. नव्या रिपोर्टचा आकडा जानेवारीत कळव, खोटा नको.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नंदू