न्यायालयाच्या कागदांना विद्यार्थ्यांचे हात लागू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये विधी महाविद्यालये आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि जुन्या आग्रा रोडवर जिल्हा न्यायालय आहे. न्यायालयीन कामकाज संगणकावर आणण्याच्या कामात मात्र या तिघांची गाठ क्वचितच पडते. न्यायालये संगणकाने जोडण्याच्या ई-कोर्ट्स या केंद्राच्या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आणि त्यांतील दोन हजार कोटींहून अधिक रक्कम केवळ अभिलेखांचे स्कॅनिंग व जतन यांसाठी ठेवली. एवढ्या मोठ्या कामात विद्यार्थ्यांना रीतसर वाटा मिळावा, यासाठी हे पत्र.

माझा सारा सेवाकाळ न्यायालयीन कचेरीत गेला. त्या अनुभवावरून सांगतो की, कागद स्कॅनरखालून गेला म्हणजे काम झाले, असे समजण्यात मोठी फसगत आहे. जमिनीच्या एखाद्या जुन्या दाव्याच्या नस्तीत, म्हणजे प्रकरणाच्या फाइलीत, वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), निशाणी ५ चा (निशाणी म्हणजे कागदाला दिलेला क्रमांक) तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, त्यावरील म्हणणे, सातबाऱ्याचे उतारे, सरतपासणी, उलटतपासणी आणि वर्षानुवर्षांचा रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) अशी शेकडो पाने असतात. ती सलग एकाच फाइलमध्ये कोंबली आणि निशाणीवार सूची केली नाही, तर पडद्यावर नस्ती उघडूनही हवा तो कागद सापडत नाही. मग शेवटी लिपिकाला अभिलेख कक्षात मूळ गठ्ठा सोडावाच लागतो. कोणता कागद कैफियत आणि कोणता नुसता मुदतीचा अर्ज, हे स्कॅनिंगच्या कंत्राटदाराच्या माणसाला कळावे, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला ते कळते, निदान कळायला हवे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. त्यातील काही आठवडे या सूचीकरणाला दिले, तर नस्ती कशी वाचायची हे तो विद्यार्थी आयुष्यभरासाठी शिकेल. (सध्या बऱ्याच ठिकाणी ही इंटर्नशिप प्रमाणपत्रावरील सहीपुरतीच उरते, हे वकील मंडळींना ठाऊक आहे.)

विद्यार्थ्यांच्या हातून असे काम होईल का, ही शंका घेणाऱ्यांनी आजूबाजूला पाहावे. आज तालुक्याचा वकीलही निकाल शोधण्यासाठी जे 'इंडियन कानून' संकेतस्थळ उघडतो, ते सुशांत सिन्हा यांनी २००८ मध्ये, अमेरिकेत पीएच.डी. करत असताना सुरू केले. अमेरिकेतील संघीय न्यायालयांचे कागद पाहण्यासाठी पानामागे शुल्क पडते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधक व विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये 'रीकॅप' नावाची सोय तयार केली. तिच्यामुळे एकाने पैसे भरून घेतलेला कागद पुढच्याला विनामूल्य मिळू लागला. आपल्या गावचेच पाहायचे तर २०१५ च्या सिंहस्थात कुंभमेळ्यातील अडचणींवर तंत्रज्ञानाचे उपाय शोधणाऱ्या 'कुंभथॉन' उपक्रमातील तरुणांनी गर्दी मोजणारी चटई तयार करून प्रत्यक्ष वापरली होती.

तरीही सरसकट दार उघडावे, असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या केस इन्फर्मेशन सिस्टीममध्ये चालू प्रकरणांच्या नोंदी होतात. तिला विद्यार्थ्यांनी हात लावण्याचे कारण नाही. सुरुवात अंतिम निकाल लागलेल्या दिवाणी दाव्यांपासून करावी. कौटुंबिक प्रकरणे आणि बालकांवरील व लैंगिक अत्याचारांचे खटले पूर्णपणे बाजूला ठेवावेत, कारण पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि एखाद्या विद्यार्थ्याने सहज काढलेला मोबाइलवरचा फोटोही त्यासाठी पुरेसा ठरू शकतो.

मला अधिक काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प तोंडी परीक्षा आटोपली की कपाटात जातात. मुले पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागतात आणि त्यांनी लिहिलेली प्रणाली कुणाच्याच मालकीची राहत नाही. पेठ तालुक्यातून अपिलाच्या तारखेला येणाऱ्या पक्षकाराला आपल्या प्रकरणात आज काय होणार, हे मराठीत सांगणारे एखादे अॅप मुलांनी केलेच, तर ते दोन वर्षांनी बंद पडलेले किंवा जुनी तारीख दाखवणारे नसावे. चुकीची तारीख ही तारीख न कळण्यापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर गैरहजर राहिलेल्याचे अपील काढून टाकले जाऊ शकते. म्हणून अशा प्रत्येक कामाचा सोर्स कोड खुला असावा, त्याची लेखी माहिती मराठीत असावी आणि पुढची तुकडी तो ताब्यात घेईपर्यंत आधीच्या तुकडीला गुण मिळू नयेत.

या कामासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवकांकडून काम करून घेतच असते. त्याने एक विधी आणि एक अभियांत्रिकी महाविद्यालय निवडावे, एका न्यायालयाच्या निकाली दाव्यांचा एक कप्पा त्यांच्याकडे सोपवावा आणि त्यांनी केलेली सूची एखाद्या अनुभवी सहायक अधीक्षकाकडून तपासून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
पंचवटी, नाशिक